टालिनहून पत्र, बाबांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून

ती. बाबांना व सौ. आईला साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. आई पत्र उघडल्याबरोबर तेच शोधणार, म्हणून आधी लिहिते. खोकला गेला, डबा घरूनच नेते, आजीची शाल जाकिटाच्या आत रोज असते. इथे एस्टोनियात, टालिन त्याची राजधानी, बाहेर बर्फ असलं तरी घरं आतून चांगली ऊबदार असतात. ग्वाल्हेरच्या जानेवारीत आपण घरातच कुडकुडतो, तसं इथे होत नाही. तेव्हा थंडीची काळजी खरंच नको.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "गाणं सुटलं ना शेवटी?" नाही सुटलं. कॉयरमध्ये, म्हणजे समूहगायनाच्या मंडळात, जाते म्हटल्यावर तुम्ही गप्प झालात, मग म्हणालात की घोळक्यात गाऊन आवाज मरतो. ते मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहिते.

इथली तऱ्हा अशी. एरवी ही माणसं लिफ्टमध्ये एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. पण आठवड्यातली एक संध्याकाळ ठरलेली असते. कामावरून सुटले की शाळेच्या हॉलमध्ये जमायचं आणि दोन तास गायचं. पैसे मिळत नाहीत, कुणाला गवई व्हायचं नसतं. माझ्या शेजारी उभी राहते ती बाई बस चालवते, मागचे आजोबा सुतारकाम करायचे. प्रत्येकाच्या हातात स्वरलिपीचे कागद आणि पेन्सिल. तंबोरा नाही, पेटी नाही. निर्देशक बाई ट्यूनिंग फोर्क, म्हणजे एकच ठरावीक स्वर देणारा धातूचा चिमटा, गुडघ्यावर आपटतात, कानाशी धरतात आणि त्या एका स्वरावरून चार गटांना चार सूर गुणगुणून देतात: बायकांचे दोन, पुरुषांचे दोन. लांबलेला स्वर आला की सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. शेजारणीचा श्वास कानाने हेरायचा, ती गात असेल तेव्हा आपण घ्यायचा, आणि परत येताना हलकेच स्वरात शिरायचं. ऐकणाऱ्याला स्वर अखंड वाटतो. बाबा, हे जमलं ते तुम्ही पहाटे खर्ज लावून बसवायचात म्हणूनच. माझा मंद्र सा ऐकून बाईंनी मला खालच्या सुरात उभं केलंय. आवाज मरत नाहीये, उलट कान तयार होतोय.

आणि हे सगळं ज्यांच्यामुळे इतकं रुजलं, त्यांच्याबद्दल तुम्हाला सांगायचंच होतं. गुस्ताव एर्नेसाक्स, इथले संगीतकार आणि कॉयरचे निर्देशक. जन्म 1908चा, टालिनजवळच्या खेड्यातला. टालिनच्या कॉन्झर्वेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, शिकले, पुढे तिथेच शिकवलं. युद्धाच्या काळात रशियात यारोस्लाव्हलला एस्टोनियन कलावंतांच्या पथकांत होते. 1944 मध्ये त्यांनी पुरुषांचा एक कॉयर उभा केला आणि 1975 पर्यंत स्वतः चालवला. तो आजही गातो. त्याच 1944 साली त्यांनी लिडिया कोइडुला या कवयित्रीच्या जुन्या कवितेला नवी चाल लावली. "मु इसामा ऑन मिनू आर्म", माझी मायभूमी हेच माझं प्रेम. ही कविता 1869 साली तार्तूला झालेल्या पहिल्या गानोत्सवातसुद्धा दुसऱ्या चालीत गायली होती.

हा गानोत्सव आता साधारण दर पाच वर्षांनी टालिनला होतो. मोठ्या कमानीखाली हजारो माणसं एकावेळी गातात आणि समोर उंचावर एकच माणूस हात हलवत असतो. 1947च्या उत्सवात एर्नेसाक्स यांचं हे गाणं झालं, पण सोव्हिएत राजवटीत पुढच्या कार्यक्रमांतून गळलं. 1950 मध्ये तर उत्सवाचे तीन मोठे निर्देशक, वेत्तिक, पॅट्स आणि कारिन्दी, अटकेत गेले. एर्नेसाक्स बाहेर राहिले. सोव्हिएत एस्टोनियाच्या राष्ट्रगीताची चालही त्यांचीच, हे कळल्यावर मी जरा थबकले. पण 1960 मध्ये कार्यक्रमात नसलेलं तेच गाणं लोकांनी आपणहून उचललं आणि स्वतंत्र एस्टोनियाच्या, तेव्हा बंदी असलेल्या राष्ट्रगीताच्या जागी ते बसलं. मला वाटतं, ते राज्यकर्त्यांशी जुळवून घेत राहिले म्हणूनच कॉयर टिकला आणि गाणं लोकांच्या तोंडी राहिलं. 1991 मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झालेला त्यांनी पाहिला आणि 1993 मध्ये गेले. मैदानाच्या चढावर त्यांचा बसलेला पुतळा आहे, तोंड मंचाकडे.

ग्वाल्हेर घराण्याच्या कृष्णराव पंडितांचं नाव घेताना कान पकडणाऱ्या घरात मी वाढले. आपल्याकडे गवई म्हणजे एकट्याने बैठक पेलणारा, राग आपल्या नजरेने मांडणारा. इथे मोठा तो, जो स्वतः न गाता हजारांना एका श्वासात आणतो. बाबा, ही विद्यासुद्धा आपल्या विद्येइतकीच कठीण आहे, हे तुम्ही मान्य करावं असं मला फार वाटतं. रियाज मात्र चालू आहे. सध्या यमन आणि भूप, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हळू आवाजात.

आता बाकीचं. मी ₹60,000 पाठवले आहेत. गच्चीची गळती पावसाळ्याआधी करून घ्या, माझ्यासाठी म्हणून बाजूला ठेवू नका. उरतील त्यात तंबोऱ्याच्या तारा मिरजेहून मागवा. आजीच्या वर्षश्राद्धाला मी नव्हते, आई एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच जास्त टोचतं. पुढच्या डिसेंबरात तानसेन समारोहाच्या सुमारास येते. तिकीट रजा मंजूर झाली की लगेच काढणार आहे, नुसतं म्हणत नाहीये.

इंदूरच्या स्थळाचं, आई, तू पत्रिका दिलीस हे ताईकडून कळलं. रागावले नाही. मुलाशी मी स्वतः बोलेन, नंबर पाठव. मात्र मी येईपर्यंत त्यांना शब्द देऊ नका, आणि मी परत येणारच आहे असंही माझ्या वतीने सांगू नका. ते मलाच अजून ठरवायचंय.

बाबांनी डोळ्यांत थेंब वेळेवर घालावेत.

तुमची,
छोटी