बदली कुणाची झाली, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बुधवारचा आपला अग्रलेख दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटले चष्म्याचाच दोष असेल. अमेरिका-ब्रिटनच्या फौजांत वर्दीतल्या बायकांचे लैंगिक छळाने काय हाल होतात ते आपण खुलासेवार लिहिले आणि शेवटच्या ओळीत 'आपल्या लष्कराची शिस्त वेगळी' म्हणून मोकळे झालात. 'असे प्रकार खपवून घेतले जाणार नाहीत' हे सरकारी उत्तर तर चौकटीत छापले. छान. हे वाक्य मी नोकरीत असताना कितीतरी सर्क्युलरांवर टाइप केले आहे, माझी बोटे आजही ते न बघता मारतील.

मी चोवीस वर्षे लष्करात क्लार्क होतो, हवालदार म्हणून घरी आलो. 1998 सालची गोष्ट. कामाच्या जागी बायकांच्या छळाबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल येऊन वर्ष झालेले, त्याचा कागद आमच्याही ऑफिसात आला होता आणि फाईलला लागला होता. एका कॅप्टन मॅडमनी त्यांच्या वरच्या साहेबांविरुद्ध अशाच छळाची लेखी तक्रार दिली. कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्कराची आतली चौकशी, बसली. जबान्या टाइप करायला मी. मॅडमची जबानी दीड तास चालली. मध्येच त्या गप्प व्हायच्या आणि मी कार्बन नीट करतोय असे दाखवत बसायचो.

शेवटचा साक्षीदार सोमवारी होता. त्याच्या आधीच्या शनिवारी मला आत बोलावून मॅडमची मूव्हमेंट ऑर्डर, म्हणजे बदलीवर निघायचा हुकूम, टाइप करायला सांगितली. केली. मंगळवारी मॅडम रेल्वे वॉरंट, म्हणजे सरकारी खर्चाच्या तिकिटाचा कागद, न्यायला आल्या. ऑर्डर हातात घेतली, कुठे जायचे ते वाचलेच नाही, आधी तारीख बघितली. म्हणाल्या, "हवलदार, ये तो शनिवार की है." मी म्हणालो, "जी मॅडम." दुसरे काय म्हणणार? त्यांनी सही केली, माझे पेन मला परत दिले आणि गेल्या. साहेब तिथेच राहिले. चौकशीचे पुढे काय झाले ते आमच्या टेबलावर कधी आले नाही.

आता म्हणाल, तेव्हा कायदा नव्हता. 2013 साली झाला. त्यात चौकशी चालू असताना बदलीची सोय आहे, पण ती बाईने लेखी मागितली तर, आणि तिची किंवा त्याची, म्हणजे ज्याच्यावर तक्रार त्याची, दोघांपैकी कुणाचीही. हे 'किंवा त्याची' किती वेळा वापरले गेले, एवढे एकदा आपल्या दिल्लीच्या प्रतिनिधीला विचारायला लावा. उत्तर चौकटीत छापा.

आणि 1950 चा आर्मी ॲक्ट तसाच आहे. बाई फौजेबाहेरची असेल तर सैनिकावरचा बलात्काराचा खटला एरवी बाहेरच्या कोर्टातच जातो. बाई वर्दीतली असली की मात्र कोर्ट मार्शल, म्हणजे लष्कराच्याच कोर्टात खटला, होऊ शकते, आणि कुठले कोर्ट हे आधी वरचे साहेब ठरवणार. दक्षिण कोरियात हवाई दलातल्या एका मुलीने 2021 साली जीव दिला, तेव्हा तिथल्या सरकारने पुढच्या वर्षी असे खटले लष्कराकडून काढून नागरी कोर्टाकडे दिले. अमेरिकेने डिसेंबर 2023 पासून खटला भरायचा की नाही हे कमांडरच्या हातून काढले. ब्रिटनच्या सरकारने तसे करायला चक्क नकार दिला. आपण तिथल्या बायकांचे हाल लिहिलेत, सरकारांनी पुढे काय केले ते जागेअभावी राहिले असेल.

माझी पुतणी रोज पहाटे पाचला गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर मारते. अग्निवीरमधून मिलिटरी पोलिसात मुली घेतात, त्यासाठी. मी ही हकिकत सांगितली तर म्हणाली, "काका, तुमच्या येळचं येगळं आसंल, आता लई कडक हाय म्हणत्यात." असेलही. पण चार वर्षांनी शंभरातल्या जास्तीत जास्त पंचवीस जणांना ठेवायचे आहे, आणि कोणाला ठेवायचे ते तिच्या वरच्यांच्या शेऱ्यावरही ठरणार. ती पोरगी त्यांच्याच विरुद्ध कागद देईल काय? तिला हे विचारायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून तुम्हाला विचारतो.

जाता जाता एक. अशा प्रत्येक मजकुराशेजारी आपण गुडघ्यात डोके घालून बसलेल्या बाईचे काळे चित्र टाकता. आमच्या मॅडम उभ्या होत्या, ताठ, आणि तारीख वाचत होत्या. ते चित्र बदला.

पावसाळ्यात पीकविम्यावर पाठवलेले माझे पत्र आपण निम्मे कापून छापले होते आणि उरलेल्या निम्म्यातून मी विमा कंपनीची तारीफ करतो असा अर्थ निघत होता. या वेळी कापायचेच असेल तर कोरियाचे कापा. शनिवार-सोमवारला हात लावू नका. नावही छापू नये, पेन्शनवर घर आहे.

कळावे,
एक माजी सैनिक, ता. रेणापूर, जि. लातूर