अक्कलदाढ काढताय? आधी नस कुठून जाते ते विचारा

संपादक महोदय,

खालची अक्कलदाढ काढायची म्हटलं की आपण दुखेल का, सूज किती दिवस राहील आणि खर्च किती एवढंच विचारतो, पण त्या दाढेच्या मुळांजवळून जबड्याच्या हाडातून एक नळी जाते आणि खालच्या ओठाला, हनुवटीला स्पर्श कळतो तो त्यातल्या नसेमुळे, हे बऱ्याच ठिकाणी पेशंटला सांगतच नाहीत. ही नस दुखावली तर ओठ हलतो, बोलता येतं, फक्त तिथं स्पर्श जाणवत नाही. माझ्या वहिनीचं तेच झालंय. चहा किती गरम आहे ते ओठाच्या उजव्या बाजूला कळत नाही, हनुवटीवर वरण सांडलेलं समोरच्यानं सांगावं लागतं. बऱ्याच जणांची संवेदना काही महिन्यांत परत येते, काहींची येत नाही.

तिचा आधी फक्त ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढला होता. ओपीजी वाईट नाही, बहुतेक दाढांना तेवढा पुरतो, पण तो सपाट फोटो आहे, नळी मुळाच्या गालाकडच्या बाजूला आहे, जिभेकडच्या, की दोन मुळांच्या मधून गेलीय हे त्यात कळत नाही. इशारा मात्र मिळतो. नळीच्या कडेची पांढरी रेघ मुळापाशी तुटलेली, मूळ तिथं काळपट, किंवा नळीच वळलेली, ही लक्षणं रूड आणि शेहाब या संशोधकांनी 1990 मध्येच नोंदवून ठेवलीत. वहिनीच्या फिल्मवर रेघ तुटलेली होती, नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवली तेव्हा आम्हालाही दिसली!

अशा वेळी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, काढायला हवा. मशीन डोक्याभोवती एक फेरी मारतं, मग कॉम्प्युटरवर हाडाचे पातळ काप बघत एकेका कापावर नळी शोधून खूण करायची, त्या खुणा जोडून नसेची रंगीत रेघ तयार होते. काहींच्या नळीची भिंत इतकी पुसट असते की ही रेघ चुकूही शकते, म्हणून नुसती सीडी घेऊन येऊ नका, डेंटल रेडिओलॉजिस्टचा लेखी रिपोर्ट मागा. पडलेल्या दाताच्या जागी हाडात इम्प्लांटचा स्क्रू बसवतानाही हेच, स्क्रू आणि नळीत साधारण 2 मिमी तरी हाड सोडतात.

सगळ्यांचा सरसकट स्कॅन करा असं मी म्हणत नाहीये, ओपीजीपेक्षा रेडिएशन जास्त असतं. आणि स्कॅन काढला म्हणजे नस वाचलीच असंही नाही. पण मूळ नळीला चिकटलेलं दिसलं तर फक्त दाढेचा वरचा भाग काढून मुळं आतच ठेवता येतात, त्याला कोरोनेक्टमी म्हणतात, किंवा दाढ त्रास देत नसेल तर काढायचीच नाही असंही ठरवता येतं. वहिनीला यातलं काहीच ठरवायला मिळालं नाही, सही घेतली तो फॉर्म इंग्रजीत होता.

डेंटिस्ट मंडळींना कळकळीची विनंती, ओपीजी पेशंटसमोर लावून नळी दाखवा, आणि ओठ बधिर राहू शकतो हे वाक्य फॉर्मवर मराठीत, ठळक अक्षरात छापा.

– एक वाचक, सातारा