स्कॅनरच्या आधी तो रकाना वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रसदरात एका वाचकाने विचारलं होतं, ‘बंदरातला प्रत्येक कंटेनर स्कॅन का करत नाहीत? एवढं काय अवघड आहे?’ प्रश्न रास्त आहे. एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात निर्यातीच्या कागदपत्रांच्या टेबलावर मी सव्वीस वर्षं काढली. हाच प्रश्न मला घरच्यांनीही विचारलाय, म्हणून हे पत्र.

ही सूचना एकदा कायद्यातही आली होती. परदेशी बंदरातून अमेरिकेकडे निघणारा प्रत्येक कंटेनर जहाजावर चढण्याआधी स्कॅन झालाच पाहिजे, असं अमेरिकेने २००७ साली ठरवलं आणि जुलै २०१२ ही मुदत दिली. पाकिस्तानातलं कासिम, होंडुरासमधलं पुएर्तो कोर्तेस, इंग्लंडमधलं साउदॅम्प्टन अशा काही बंदरांत प्रयोग झाले. मुदत आली, पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली. यंत्र विकत घेता येतं हो! पण एका जहाजातून उतरून दुसऱ्या जहाजात चढणारा कंटेनर बंदराच्या गेटवर येतच नाही, त्याला यंत्रासमोर कुठून आणणार? शिवाय प्रत्येक चित्र कुणीतरी बसून बघावं लागतं. आत काय असायला हवं हे बघणाऱ्याला माहीत नसेल, तर त्याला दिसतात नुसत्या करड्या सावल्या. आणि काय असायला हवं हे त्याला कळतं कागदावरच्या ‘मालाचं वर्णन’ या रकान्यातून. तो रकाना माझ्यासारखी कारकून भरते, बहुतेकदा संध्याकाळी सहानंतर, घाईत.

मी नोकरीला लागले तेव्हा या रकान्याला फारशी किंमत नव्हती. सीमाशुल्क खात्याचा खरा प्रश्न एकच असायचा, शुल्क किती? तोही माल उतरल्यावर. ११ सप्टेंबर २००१ नंतर सगळंच फिरलं. अमेरिकेला जाणाऱ्या कंटेनरची माहिती जहाजावर चढवण्याच्या चोवीस तास आधी द्यायची असा नियम आला आणि फेब्रुवारी २००३ पासून तो कडकपणे लागू झाला. म्हणजे ज्या देशाच्या किनाऱ्याला माल अजून लागलेलाही नाही, त्या देशाचे सीमाशुल्क अधिकारी आमच्या टेबलावरचा कागद वाचू लागले. ‘फ्रेट ऑल काइंड्स’, ‘सेड टू कंटेन’, ‘जनरल मर्चंडाइज’ हे आत नेमकं काय आहे ते न सांगणारे, आमचे वर्षानुवर्षांचे लाडके शब्द एका फटक्यात बाद झाले.

त्या दिवसांतली एक रात्र मी विसरलेले नाही. साडेअकराला शिपिंग लाइनचा फोन आला, ‘तुमच्या कंटेनरवर डू नॉट लोड आलंय, म्हणजे जहाजावर चढवायचा नाही.’ कंटेनर यार्डात उभा, जहाज दुसऱ्या दिवशी सुटणार. मी वर्णनात लिहिलं होतं ‘हाउसहोल्ड आर्टिकल्स’. चिडले, कारण हेच शब्द त्याआधी शंभरदा चालले होते. कारखान्याच्या स्टोअरकीपरला झोपेतून उठवलं आणि म्हटलं, ‘दादा, आत काय काय भरलंय ते एकेक करून सांगा.’ त्याने वही उघडली. खुर्च्या, टेबलाचे पाय, फळ्या, बिजागऱ्या, स्क्रूची खोकी. मग जरा थांबून म्हणाला, ‘आणि ते टचअपचं पॉलिश दिलंय बघा. थिनरचे चार ड्रम.’

थिनर म्हणजे ज्वालाग्राही माल. त्याचं वेगळं डिक्लेरेशन लागतं, ड्रमवर आणि कंटेनरवर धोक्याची लेबलं लागतात, जहाजावर त्याची जागाही ठरवून द्यावी लागते. आमचा कंटेनर साधं फर्निचर म्हणून कुठेही, कशाहीशेजारी रचला गेला असता. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारलं नव्हतं. ते ड्रम पकडले गेले ते दूरवरच्या एका अधिकाऱ्याला माझे दोन शब्द पटले नाहीत म्हणून.

वजनाच्या रकान्याची कथाही अशीच. जानेवारी २००७ मध्ये वादळात सापडलेलं ‘एमएससी नेपोली’ जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ मुद्दाम उथळ पाण्यात आणून टेकवावं लागलं. नंतर डेकवरचे ६६० कंटेनर मोजले, तर १३७ कंटेनरांचं वजन कागदावरच्या वजनापेक्षा तीन टनांहून जास्त फरकाचं निघालं. भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढणार नाही, हा नियम यायला मात्र १ जुलै २०१६ उजाडला.

सीलबद्दलही लोकांचा फार गैरसमज असतो. बोल्ट सील म्हणजे बोटाएवढा जाड पोलादी खिळा, त्यावर नंबर. एकदा टक्‌कन बसला की कटरशिवाय निघत नाही. बघणाऱ्याला वाटतं, झालं, माल सुरक्षित. पण सील ज्या हँडलवर बसतं ते हँडल दाराला रिव्हेटने जोडलेलं असतं. रिव्हेट ड्रिलने काढायचा, हँडल उचलायचं, दार उघडायचं, काम झालं की नवा रिव्हेट ठोकून वर रंग मारायचा. सील जसंच्या तसं, नंबरही तोच. अमली पदार्थवाल्यांची दुसरी रीत त्याहून सोपी. प्रामाणिक व्यापाऱ्याच्या कंटेनरच्या दाराशी दोन-चार बॅगा टाकायच्या, तोडलेल्या सीलच्या जागी त्याच नंबरचं बनावट सील लावायचं, आणि पलीकडच्या बंदरात आपल्या माणसाने त्या काढून घ्यायच्या. व्यापाऱ्याला पत्ताही नसतो. आम्हाला सील तपासायच्या चार क्रिया शिकवल्या होत्या : बघा, कागदाशी जुळवा, ओढा, पिळा. घाईत पहिल्या दोनच होतात. ओढणं आणि पिळणं राहून जातं, रिव्हेटच्या रंगावरून तर कुणी बोटही फिरवत नाही.

आता ‘विश्वासू व्यापाऱ्या’बद्दल. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने जून २००५ मध्ये ‘सेफ’ आराखडा स्वीकारला, त्यातून ‘एईओ’ची, म्हणजे सीमाशुल्क खात्याने विश्वासू म्हणून मान्यता दिलेल्या व्यापाऱ्याची पद्धत जगभर पसरली. ज्याने आपली साखळी सुरक्षित असल्याचं दाखवून दिलं त्याची तपासणी कमी, आणि उरलेला वेळ संशयास्पद मालासाठी. कल्पना मला मनापासून पटते. पण असा अर्ज मी स्वतः भरलेला आहे. ‘गोदामाच्या गेटवर कॅमेरा आहे का?’ मी लिहिलं, ‘आहे.’ तो चार महिने बंद होता. चालू आहे का, असं प्रश्नात नव्हतं, म्हणून मी लिहिलं नाही. पुढे प्रत्यक्ष पाहणीला अधिकारी आले, त्यांनी पहिल्याच फेरीत विचारलं आणि साहेबांची बोलती बंद झाली. मला मात्र त्या दिवशी बरं वाटलं.

कागद नीट भरला की सगळं भागतं, असंही नाही. अँटवर्प बंदरात अमली पदार्थांच्या टोळ्यांनी हॅकर लावून कंटेनर कुठे आहे, कधी सुटणार ही माहितीच चोरली आणि मालकाचा ड्रायव्हर पोचायच्या आत कंटेनर पळवले. २०१३ मध्ये ते उघड झालं. बैरूतमध्ये तर माहिती सगळ्यांना होती. २,७५० टन अमोनियम नायट्रेट बंदराच्या गोदामात वर्षानुवर्षं पडून होतं, सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी कोर्टाला वारंवार पत्रंही लिहिली होती. ४ ऑगस्ट २०२० ला स्फोट झाला, दोनशेहून जास्त माणसं गेली. नुसतं पत्र लिहून टेबल मोकळं करणाऱ्या आमच्यासारख्यांना ही घटना फार लागते.

तरी मी रकान्याशीच येऊन थांबते. ऑक्टोबर २०१० मध्ये येमेनहून विमानाने निघालेल्या दोन पार्सलांत प्रिंटरच्या टोनर कार्ट्रिजमध्ये स्फोटकं भरली होती. त्यातलं एक पार्सल इंग्लंडच्या विमानतळावर अडवूनही पहिल्या तपासणीत हाताला काही लागलं नाही. आधी खबर मिळाली होती म्हणूनच पुन्हा शोध झाला आणि ते सापडलं. त्यानंतर विमानाच्या मालाचीही माहिती चढवण्याआधी मागायला सुरुवात झाली. युरोपने मार्च २०२१ पासून टपाल आणि कुरिअरच्या पार्सलांपासून टप्प्याटप्प्याने हेच लागू केलं. तिथे आता वर्णनाबरोबर मालाचा प्रकार सांगणारा सहा आकडी एचएस कोडही द्यावा लागतो. शुल्क ठरवायला केलेला तो कोड आता धोका ओळखायला वापरतात, आणि घरबसल्या मागवलेल्या पार्सलावर तो टाकणारा बहुधा मालाला हात न लावलेला कुणीतरी पोरगा असतो. त्याला शिकवायला किती दिवस देतात? मला अर्धा दिवस दिला होता, त्यातला निम्मा चहात गेला.

संपादक महोदय, मोठी जप्ती झाली की आपण मालाची किंमत, किलो आणि कुत्र्याचं नाव छापता. पुढच्या वेळी आपल्या वार्ताहराला एवढंच विचारायला सांगा : त्या कंटेनरच्या कागदावर ‘मालाचं वर्णन’ म्हणून काय लिहिलं होतं, आणि ते जहाज सुटण्याआधी कुणी वाचलं होतं का?

आपली,
कागदपत्रांच्या टेबलावरून निवृत्त झालेली एक वाचक