आईची कॅप्सूल थांबवू नये याबद्दल

नागपूर

चि. सागर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ऑपरेशनला महिनाच झाला आहे, आई अजून अशक्त आहे, तर आता कॅप्सूल थांबवून, आधी नुसता किरणांचा शेक घेऊन, ती मागाहून पुन्हा का सुरू करू नये, असे तू विचारलेस. फोनवर माझा गळा दाटून आला, म्हणून लिहितो.

गाठ काढली असली तरी ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या पेशी गाठीपलीकडे चांगल्या मेंदूत शिरलेल्या असतात. आपल्या वावरातला कुंदा कितीही खणला तरी तुटून राहिलेला तुकडा पुन्हा फुटतोच, आणि मेंदूत तर वावरासारखे खोल खणताही येत नाही. उरलेल्या पेशींच्या डीएनएवर किरण घाव घालतात, त्याच दिवसांत कॅप्सूलमधले औषध टेमोझोलोमाइडही तिथेच घाव घालते, त्यामुळे त्यांना सावरायला उसंत मिळत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ५७३ रुग्णांच्या अभ्यासात, नुसता शेक घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनी १०.४ टक्के हयात होते आणि दोन्ही सोबत घेतलेल्यांपैकी २६.५ टक्के. हा आकडा मोठा नाही, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. पण तुझ्या आईला त्या जास्तीच्या लोकांत बसण्याची संधी मिळालीच पाहिजे.

सहा आठवड्यांत ३० शेक आहेत, शनिवार-रविवार सुटी. कॅप्सूल मात्र रोज घ्यायची असते. पहिल्या शनिवारी शेक नाही म्हणून मी कॅप्सूलही दिली नाही, हे सोमवारी सिस्टरांनी विचारल्यावर लक्षात आले, आणि त्या चुकीची बोच अजून गेलेली नाही. आता आधी उलटीची गोळी आणि काही वेळाने उपाशीपोटी कॅप्सूल, न फोडता, न चावता, मी स्वतः देतो. शेकाच्या वेळी डोके हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा टेबलाला घट्ट बसवतात. बाहेर आल्यावर तिच्या कपाळावर जाळीच्या चौकटी उमटलेल्या असतात आणि ती पदराने कपाळ टिपून आधी कुंकू नीट करते.

तुझी भीती खोटी नाही. या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात, म्हणून दर आठवड्याला रक्त तपासतात, आणि प्लेटलेट एक लाखाखाली गेल्या तर डॉक्टर स्वतःच कॅप्सूल थांबवतात. आपण आपल्या मनाने थांबवायची नाही. शेक संपल्यावर चार आठवडे विश्रांती, मग दर २८ दिवसांतून पाच दिवस कॅप्सूल, अशा सहा फेऱ्या आहेत.

पाचव्या आठवड्यात थकवा वाढेल असे सांगितले आहे, आणि तूरही तेव्हाच सोंगायला येईल. त्या आठवड्याची रजा काढ. बुधवारी रक्ताचा रिपोर्ट मिळताच फोन करीन.

तुझे बाबा