मागायला संकोच कसला?

जानेवारी २०२३ पासून जेआरएफ, म्हणजे पीएच.डी. करणाऱ्यांना मिळणारी मासिक शिष्यवृत्ती, ३१,००० वरून ३७,००० रुपये झाली, तीही देशभरातल्या संशोधक विद्यार्थ्यांनी मागणी लावून धरल्यावर. एकत्र मागणारे आम्ही, एकटे मार्गदर्शकांच्या केबिनमध्ये गेलो की 'चालेल सर' म्हणून बाहेर येतो. शोधनिबंधात पहिलं नाव कुणाचं, हे मी प्रयोग संपल्यावर विचारलं. तोवर ते ठरून गेलं होतं. पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनपदाच्या, मुलाखतीला मात्र चिठ्ठी घेऊन गेले: यंत्रावर आठवड्याला किती तास, परिषदेचा खर्च कोणाचा, घरभाडे भत्ता कधीपासून. पहिल्या दोन गोष्टी मिळाल्या. भत्त्यावर सर नुसते हसले. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये प्रकाशन नीतिमत्तेला दोन क्रेडिट आहेत. वाटाघाटीला निदान दोन तास द्यावेत.

– एक संशोधिका, पुणे