इमॅजिकाचा एक दिवस आणि आजूबाजूचे दोन फुकट दिवस

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या पेपरच्या पुरवणीत सुट्टीत मुलांना कुठे न्यावं यावर पानभर लेख आला होता. लेख छान होता, फोटोही छान होते, पण त्यातलं एकही ठिकाण आमच्यासारख्या घराला परवडणारं नव्हतं. सगळीकडे रिसॉर्ट, पॅकेज, दोन रात्री तीन दिवस. माझी मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा, आणि हे असले लेख मुलंही वाचतात हो, मुलगी वाचून काही बोलली नाही, पेपर नुसता घडी करून ठेवला, तेव्हा मला वाटलं की आपण गेल्या दिवाळीत जे केलं ते लिहून कळवायलाच पाहिजे.

मुलीला दोन वर्षांपासून इमॅजिकाला, म्हणजे खोपोलीजवळच्या त्या राईडच्या मोठ्या पार्कला जायचं होतं. वर्गातल्या निम्म्या मुली जाऊन आलेल्या आणि ही गप्प बसून ऐकणार, हे मला बघवत नव्हतं. आम्ही डब्यात पैसे टाकत होतो, पण हिशेब केला की चौघांची तिकिटं आणि वर दोन रात्रीचं हॉटेल म्हणजे आमचा महिन्याचा किराणा आणि लाईटबिल दोन्ही गेलं. मग मिस्टर म्हणाले, तिकीट काढू पण एकाच दिवसाचं, तेही मधल्या वारी, आणि बाकीचे दोन दिवस तिथलंच काहीतरी बघू ज्याला पैसे लागत नाहीत. मला तेव्हा वाटलं होतं खोपोलीत बघायला आहे काय. आता सांगते काय आहे ते.

आधी प्रवास. डोंबिवलीहून खोपोली लोकल धरली, तिथून पालीला एसटी. एसटीत मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांचं अर्धं, आणि माझ्या सासूबाई 76 वर्षांच्या, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास फुकट. म्हणजे पाच माणसांत पूर्ण तिकीट फक्त एकट्या मिस्टरांचं! आजींचं आधार कार्ड मात्र जवळ ठेवा. आणि राहायला पालीत बल्लाळेश्वराच्या देवस्थानाचं भक्तनिवास आहे, हॉटेलच्या मानाने किरकोळ पैशात खोली मिळाली, स्वच्छ होती, सासूबाईंना देवळाच्या इतक्या जवळ राहायला मिळालं याचाच आनंद जास्त. सुट्टीत गर्दी असते तेव्हा आधी फोन करून विचारून घ्या.

पार्कचा दिवस. सासूबाई म्हणाल्या मला त्या पाळण्यात बसवू नका, मी इथे देवळात बसते, त्यामुळे आम्ही चौघंच गेलो. बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणून सकाळी पोटभर पोहे खाऊन निघालो आणि संध्याकाळी बाहेर आल्यावर सोबतचे लाडू-चिवडा काढले, आत फक्त एकदा खाल्लं, ते आधीच ठरवून. मुलीने नायट्रो नावाचा मोठा रोलर कोस्टर लांबून बघितला आणि नको म्हणाली, मग मिस्टर एकटे बसले. मुलाची उंची काही राईडला कमी पडली. नियम सुरक्षेसाठीच असतो हे मला कळतं, पण सहा वर्षांच्या पोराला कसं कळणार, तो रडला. लहान मुलं असतील त्यांनी घरी भिंतीवर पेन्सिलने उंची मापून, कुठल्या राईडला किती लागते ते पार्कच्या वेबसाईटवर बघून मुलाला आधीच सांगून ठेवावं, तिथे गेटवर समजणं फार वाईट. त्याला शांत केलं ते संध्याकाळच्या परेडने. तिकिटातच असते, जास्तीचे पैसे नाहीत, आणि आम्ही अर्धा तास आधी जाऊन पुढे बसलो म्हणून त्याला सगळं दिसलं. राईडच्या लाइनीत धावपळ करून शेवटी परेड चुकवणारे पुष्कळ बघितले.

पण खरी गोष्ट पुढे आहे. तिथे राजासॉरस नावाची पाण्यातली राईड आहे, बोटीत बसून डायनासोर बघायचे. मुलगा विचारायला लागला, राजासॉरस खरा होता का? मला वाटलं बनवलेलं नाव असेल. रात्री खोलीवर मोबाईलवर शोधलं तर खरा निघाला! गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रहिओली म्हणून गाव आहे, तिथे 1980 नंतरच्या दशकात त्याची हाडं सापडली, नर्मदेच्या खोऱ्यातला म्हणून 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं नाव राजासॉरस नर्मदेन्सिस ठेवलं. आणि तो ज्या काळात फिरत होता, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास, साधारण त्याच काळात आपल्याकडे जमिनीतून लाव्हा बाहेर पडून थरांवर थर साचत होते, त्याचाच हा आपला सगळा काळा सह्याद्री. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोराला सरसगडाच्या पायथ्याशी नेलं आणि कातळावर हात ठेवून सांगितलं, हा दगड तुझ्या राजासॉरसच्या वेळचा आहे. तो बराच वेळ हात काढेना. काल राईडला उंची कमी पडली म्हणून रडणारं पोर आज अख्ख्या डोंगराला हात लावून उभं, मला फार बरं वाटलं ते बघून.

सरसगड म्हणजे पालीच्या देवळामागचा किल्ला, आकारामुळे त्याला पगडीचा किल्लाही म्हणतात. वर जायला कातळात खोदलेल्या उंच उंच पायऱ्या आहेत, लहान मुलांना घेऊन वरपर्यंत जाऊ नका, आम्ही थोडं चढून खाली आलो. मोठी मुलं असतील आणि चढायची सवय असेल तर पूर्ण किल्ला होतो. देवळात जी मोठी घंटा आहे ती चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेनंतर, म्हणजे 1739 नंतर, पोर्तुगीजांकडून आणलेल्या घंटांपैकी आहे असं सांगतात, ते मुलांना दाखवा. आणि अष्टविनायकांत भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा हा एकच गणपती, बल्लाळ नावाच्या मुलाची गोष्ट सासूबाईंनी देवळाच्या पायरीवर बसून सांगितली, दोन्ही मुलं ऐकत होती.

दुपारी उन्हेऱ्याला गेलो, पालीपासून तीनेक किलोमीटर, गरम पाण्याची कुंडं. शेजारी विठ्ठलाचं देऊळ. आम्हाला कुणी पैसे मागितले नाहीत. बायकांसाठी वेगळं कुंड आहे, सासूबाईंनी गुडघे पाण्यात सोडून तासभर बसून घेतलं. पाण्याला गंधकाचा वास येतो, मुलं आधी नाक धरतात मग उठत नाहीत. लहान मुलांना एकदम पाण्यात सोडू नका, पाणी चांगलंच गरम असतं, आधी हात घालून बघा.

आता उंबरखिंड. यासाठीच मी हे पत्र एवढं लांबवतेय.

ज्या खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका आहे त्याच रस्त्यावरून आत वळून चावणी गावाकडे गेलं की उंबरखिंडीची जागा येते. 2 फेब्रुवारी 1661 ला शिवाजी महाराजांनी इथे मुघल सरदार कारतलबखानाला अडवलं. खान मोठी फौज, तोफा, सामान घेऊन घाटावरून कुरवंड्याच्या बाजूने कोकणात उतरत होता, दोन्हीकडे दाट झाडी, वाट एवढी अरुंद की फौज लांबच लांब पसरलेली, पाणी नाही, आणि महाराजांची माणसं झाडीत आधीच लपून बसलेली. पुढची वाट बंद, मागची पण बंद. खानाबरोबर माहूरच्या सावित्रीबाई देशमुख होत्या, ज्यांना रायबाघन म्हणतात, त्यांनीच खानाला शरण जायला सांगितलं असं वाचलंय. महाराजांनी खंडणी आणि सामान ठेवून घेतलं आणि माणसांना जिवंत परत जाऊ दिलं. शाळेच्या पुस्तकात या लढाईला दोन ओळी असतात किंवा त्याही नसतात, आणि आपण मुलांना घेऊन याच रस्त्याने गाड्या भरभरून पार्कला जातो येतो. वळायचं कुठे हे कळायला आम्हाला दोनदा विचारावं लागलं. रिक्षावाले दादा चांगले भेटले, थांबले आमच्यासाठी.

नदीच्या पात्राजवळ स्मारक आहे. दिवाळीच्या दिवसांत नदीला थोडं पाणी होतं, वर सह्याद्रीची भिंत, आवाज काही नाही. मिस्टरांनी मुलांना लढाई खेळूनच दाखवली, मुलगी खान झाली आणि तिला म्हणाले आता तू पुढे जा, पुढे मी उभा, मागे जा तर मागे तुझा भाऊ, आता सांग तू काय करशील? तिने जरा विचार केला आणि म्हणाली, पाणी मागेन. तेव्हा तिला ती लढाई समजली असं मला वाटतं. एक पैसा लागला नाही, रिक्षाचं भाडं सोडून. परत शाळेत गेल्यावर तिने वर्गात काय सांगितलं माहितीये का, राईडचं थोडं आणि खिंडीचं जास्त.

तिसऱ्या दिवशी येताना खोपोलीला थांबलो. महडचा वरदविनायक तिथून जवळ, दर्शन झालं. गावात नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि वीरेश्वराचं देऊळ आहे, काठावर बसून उरलेला चिवडा संपवला. आणि स्टेशनवर लोकलची वाट बघताना डोंगरावर बघा, टाटांच्या पॉवरहाऊसचे मोठे पाईप उतरताना दिसतात. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतलं पाणी सुमारे 500 मीटर खाली पडतं आणि त्यावर 1915 पासून वीज तयार होते, मुंबईच्या गिरण्या या विजेवर चालायच्या, तेच पाणी पुढे पाताळगंगेत जातं. माझे आजोबा गिरणीत होते. त्यांच्या मशीनची वीज इथून यायची हे मला चाळिशीत आल्यावर खोपोलीच्या प्लॅटफॉर्मवर कळलं. रेल्वे पण इथे 1856 लाच आली, घाटातला मार्ग 1863 ला सुरू झाला, मधली सात वर्षं लोक इथे उतरून पालखीत नाहीतर बैलगाडीत बसून घाट चढायचे. मुलाला हे फार आवडलं, गाडी येईपर्यंत तो प्लॅटफॉर्मवर पालखी उचलल्यासारखा चालत होता. स्वतःची गाडी असेल तर जुन्या हायवेवर घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे तिथे पण थांबा. शिंगरोबा धनगराने इंग्रजांना घाटातली वाट दाखवली आणि त्यांनी काम झाल्यावर त्यालाच मारलं अशी गोष्ट सांगतात.

एक गोष्ट कळकळीने. फुकट म्हणून पावसाळ्यात मुलांना घेऊन धबधब्यात उतरू नका. खोपोलीत आणि लोणावळ्यात धबधबे भरपूर आहेत आणि रीलमध्ये फार सुंदर दिसतात, पण जून 2024 मध्ये भुशी डॅमच्या मागच्या बाजूला एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. पाणी वरून कधी वाढेल ते खाली उभ्या माणसाला कळत नाही. लांबून बघा, फोटो काढा, परत या. मी सांगितलेल्या जागा दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत सगळ्यात चांगल्या. मे महिन्यात जाणार असाल तर खिंड आणि किल्ल्याचा पायथा सकाळी नऊच्या आत उरका, नंतर ऊन सोसवत नाही.

माझी आपल्याला विनंती आहे की सुट्टीच्या पुरवणीत अशा जागांना एक कोपरा द्या. मोठ्या पार्कच्या माहितीशेजारीच द्या, वेगळ्या पानावर नको, म्हणजे पार्कला जाणाऱ्या घराला तिथेच कळेल की शेजारी काय आहे, एसटी कुठून मिळते, कुठे पैसे लागत नाहीत, कुठे बायकांची सोय आहे. आणि ज्यांच्या हातात आहे त्यांनी खोपोली आणि पालीच्या एसटी स्टँडवर एक साधा बोर्ड लावावा, उंबरखिंड इकडे, उन्हेरे इकडे, एवढंच. आमच्यासारखी कितीतरी घरं कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डावर सुट्टी करतात कारण त्यांना वाटतं पैसे टाकल्याशिवाय पोरांना काही दाखवता येत नाही. काहीजण तर जातच नाहीत, मुलांना सांगतात पुढच्या वर्षी, आणि पुढच्या वर्षी परत तेच. आम्हीही दोन वर्षं तेच सांगत होतो.

मुलीने उंबरखिंडीच्या स्मारकाचा एक फोटो काढलाय, चांगला आलाय. छापायला हवा असेल तर कळवा, पाठवते.

आपली नियमित वाचक,
दोन मुलांची आई, डोंबिवली (पूर्व)