दुर्बिणीआधी माउंट घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ (कृत्रिम उजेडापासून जपलेल्या आकाशाचे ठिकाण) म्हणून मान्यता मिळाली. आकाशाचे फोटो काढायची हौस असलेल्यांना नागपूरच्या उशाशीच चांगले आकाश आहे, हे त्यामुळे सगळ्यांना कळले. पण खरेदीची सुरुवात बहुतेक जण चुकीच्या टोकाकडून करतात. ‘५२५ पट मोठे दिसेल’ असे खोक्यावर छापलेली ७० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण घरी येते. तिची उपयोगी क्षमता १४० पटींच्या आसपास संपते, आणि फोटोसाठी तर हा आकडा पाहायचाच नसतो. फोटो बिघडवते ती पृथ्वीची फिरकी.

आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकते (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला), म्हणजे दोन मिनिटांत पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढे. आपल्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल किती विकलांचा, हे काढणे सोपे आहे. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६ने गुणा आणि लेन्सच्या मिलिमीटरमधल्या फोकल लेंग्थने भागा. ३.९ मायक्रॉनचा नेहमीचा डीएसएलआर आणि ५० मिलिमीटरची लेन्स असेल तर उत्तर येते १६ विकला. म्हणजे मृगासारख्या, आकाशातल्या विषुववृत्ताजवळच्या भागात तारा सेकंदाला जवळजवळ एक पिक्सेल ओलांडतो. तारे न लांबता किती सेकंद एक्स्पोजर देता येईल, हे सांगणारा ‘५०० भागिले फोकल लेंग्थ’ हा जुना नियम क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरसाठी सुधारून वापरला तरी या लेन्सला साडेसहा सेकंद देतो, आणि तेवढ्यात तारा सहा पिक्सेलची रेघ होतो. मोबाइलवर ते खपून जाते, मोठ्या प्रिंटवर नाही.

म्हणून पैसे आधी ट्रॅकरवर किंवा विषुववृत्तीय माउंटवर, म्हणजे कॅमेरा किंवा दुर्बीण आकाशाच्या वेगाने फिरवणाऱ्या मोटरच्या बैठकीवर, घालावेत. घरात पडून असलेला डीएसएलआर, १३५ मिलिमीटरची जुनी लेन्स आणि स्टार ॲडव्हेंचररसारखा छोटा ट्रॅकर एवढ्यावर देवयानी दीर्घिका, कृत्तिका आणि मृगातला तेजोमेघ उत्तम येतात. ट्रॅकरवर ‘५ किलो’ लिहिले असले तरी कॅमेरा, लेन्स आणि बाकीचे सामान मिळून अडीच किलोंवर थांबावे. हलका ट्रायपॉड तर घेऊच नये. त्याचा मधला दांडा वर काढला की वाऱ्याच्या झुळकीनेही तारे दोन-दोन दिसतात.

बहुतेक मार्गदर्शिका ४०-५० अंश अक्षांशांवर लिहिलेल्या असतात. नागपूर २१ अंशांवर आहे, म्हणजे इथे ध्रुवताराही क्षितिजापासून २१ अंशांवरच असतो. शहरात तो समोरच्या इमारतीमागे किंवा कोराडी वीजकेंद्राकडच्या धुरकट उजेडात हरवतो. तो दिसला तरी माउंटचा अक्ष थेट त्याच्यावर रोखून भागत नाही, कारण ज्याच्याभोवती आकाश फिरते त्या खऱ्या ध्रुवबिंदूपासून तो सुमारे ४० कला बाजूला आहे. ध्रुवजुळणीत, म्हणजे अक्ष ध्रुवबिंदूवर रोखण्यात, एक कला चूक असेल तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त पाव विकला घसरतो. दहा कलांची चूक दोन मिनिटांत पाच विकला होते. १३५च्या लेन्सला ती पचते, पण ४०० मिलिमीटर फोकल लेंग्थच्या दुर्बिणीत तीच अडीच पिक्सेल दिसते. ध्रुव झाकलेला असेल तर ‘नीना’ या मोफत प्रोग्रॅममधली तीन बिंदूंची जुळणी वापरावी. आकाशाच्या उघड्या तुकड्यावरून ती काम करते. होकायंत्राची उत्तर नागपुरात खऱ्या उत्तरेपासून एक अंशही हटत नाही, फक्त ते गाडीजवळ किंवा लोखंडी कठड्यावर धरू नये.

कमी अक्षांशाचा आणखी एक उपद्रव दुकानदार सांगत नाहीत. जड माउंटचा काउंटरवेटचा (तोल सांभाळणाऱ्या वजनाचा) दांडा इथे जवळजवळ सरळ खाली लोंबतो आणि ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायावर आपटतो. मोटर चालूच राहते, गिअरवर ताण येतो आणि रात्र वाया जाते. माउंट आणि ट्रायपॉड यांच्यामध्ये एक्स्टेन्शनची नळी बसवली की दांडा मोकळा फिरतो. याच अक्षांशाने दिलेले दानही मोठे आहे. युरोपातल्या बहुतेक हौशींना कधीच न दिसणारा नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ एप्रिलच्या मध्याला मध्यरात्री दक्षिणेला २१ अंश वर येतो.

पण एप्रिल म्हटले की उष्णता आली. सेन्सरमध्ये उष्णतेमुळे अंधारातही वाहणारा विद्युतप्रवाह, म्हणजे ‘डार्क करंट’, साधारण दर ६ अंशांना दुप्पट होतो. डिसेंबरच्या १२ अंशांच्या रात्रीपेक्षा मेमधल्या ३० अंशांच्या रात्री तोच कॅमेरा आठपट ‘डार्क करंट’ देतो. त्यामुळे हे ठिपके फोटोतून वजा करण्यासाठीच्या ‘डार्क फ्रेम’ त्याच रात्री, तिथेच, लेन्सवर झाकण लावून, तेवढ्याच एक्स्पोजरच्या आणि त्याच आयएसओवर वीस-तीस घ्याव्यात. दुसऱ्या दिवशी एसीच्या खोलीत घेतलेल्या डार्कने फोटो सुधारत नाही, उलट नवे ठिपके उमटतात. सेन्सर थंड करण्याची सोय असलेला खास कॅमेरा बाहेरच्या तापमानाच्या तीस-पस्तीस अंश खालीच जातो, तेव्हा आपल्याकडे उणे दहाचा हट्ट नको. वर्षभर शून्य अंश ठेवावे, मग डार्क पुन्हा पुन्हा वापरता येतात.

हिवाळ्यात अडचण वेगळी. काटोल-कळमेश्वरकडच्या ओलिताच्या शेतात मध्यरात्रीनंतर लेन्सवर दव धरते. ते पुसले की डाग राहतात. यूएसबीवर चालणारी गरम पट्टी सुरुवातीपासूनच बांधावी, दव दिसल्यावर नव्हे.

दुर्बीण घ्यायचीच झाली तर ६० ते ७२ मिलिमीटरची ईडी भिंगाची (ताऱ्यांभोवती रंगीत कडा कमी दाखवणारी) घ्या आणि सोबत कडेपर्यंत तारे नीट ठेवणारे फील्ड फ्लॅटनर भिंग. बहुतेक फ्लॅटनरपासून सेन्सर ५५ मिलिमीटरवर लागतो. कॅननच्या डीएसएलआरमध्ये ४४ मिलिमीटर आधीच असतात, ११ मिलिमीटरची टी-रिंग (कॅमेरा जोडायची कडी) उरलेले भरते. सोनीच्या मिररलेसमध्ये फक्त १८ असतात, तिथे ३७चे अडॅप्टर लागते. अंतर चुकले की कोपऱ्यातले तारे लांबुळके होतात आणि लोक भिंगाला दोष देतात. स्वस्त न्यूटोनियन (आरशाच्या) दुर्बिणींत अनेकदा कॅमेऱ्याला फोकसच मिळत नाही, कारण प्रतिमा फोकसरच्या नळीतच तयार होते. हे पैसे देण्याआधी विचारा.

शहरातल्या पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो, त्यामुळे ‘प्रदूषणरोधक’ म्हणून विकली जाणारी साधी फिल्टर आता फारशी उपयोगी नाहीत. तेजोमेघांतल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ६५६ आणि ५०१ नॅनोमीटरच्या दोन अरुंद पट्ट्याच आत सोडणारे फिल्टर गच्चीवरूनही तेजोमेघ उघडते. दीर्घिका आणि कृत्तिका यांना मात्र त्याचा फायदा नाही, त्यांच्यासाठी गावाबाहेरच जावे लागते. शिवाय फेरबदल न केलेल्या डीएसएलआरचे आतले फिल्टर ६५६चा लाल प्रकाश जेमतेम पाव सोडते, म्हणून अशा कॅमेऱ्यावर महागडे फिल्टर चढवणे म्हणजे पैसे पाण्यात.

गुरू-शनीचे तंत्रच वेगळे. तिथे दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन त्यातल्या चांगल्या दहा-वीस टक्के फ्रेम एकत्र करायच्या. गच्चीचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असतो आणि बिंब उकळल्यासारखे दिसते. गवतावर तिपाई लावली की फरक लगेच कळतो.

शेवटी आपल्या दैनिकाला एक विनंती. पंचांगाच्या चौकटीत चंद्रोदय-चंद्रास्ताशेजारी सूर्य क्षितिजाखाली १८ अंश जाण्याची वेळही छापावी. नागपुरात ती सूर्यास्तानंतर साधारण सव्वा तासाने येते आणि त्याआधी घेतलेल्या फ्रेम निळसर निघतात. अमावास्येच्या आसपासच्या आठवड्यात ही एक ओळ पेंचमधल्या सिल्लारीकडे निघणाऱ्यांना निघायची वेळ ठरवायला पुरेल. तिथे पोचल्यावर गाडीतला दिवा आधीच बंद करून ठेवावा आणि रिमोटऐवजी किल्लीने कुलूप लावावे. रिमोटने लावले की इंडिकेटर चमकतात आणि शेजारच्याची पाच मिनिटांची फ्रेम जाते.

आपला,
एक आकाशछायाचित्रकार, नागपूर